संगतीचा दोष आणि निवडणुकीचा प्रचार



‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण मुलांना ऐकवतो. आईवडिलांच्या तोंडी ती शोभते, कारण तेथे ती सल्ला असते. पण निवडणुकीच्या सभेत किंवा वर्तमानपत्राच्या मथळ्यात शिरली की तीच म्हण पुरावा होऊन बसते. अमका तमक्याबरोबर दिसला, म्हणजे तोही तसलाच! मग त्याने काय केले हे कोणी विचारत नाही. या रविवारच्या अभ्यासाला आम्ही हाच विषय घेतला आहे, आणि तो का घेतला हे लेखाच्या शेवटी सांगू.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना फळ्यावर एक उदाहरण लिहिलेले असे. सर्व बैलांना शिंगे असतात. या बकऱ्याला शिंगे आहेत. म्हणून हा बकरा बैल आहे. वर्गात हशा पिकायचा. आता दुसरे उदाहरण घ्या. नक्षलवादी सुरजागडच्या खाणीला विरोध करतात; अमुक ग्रामसभेने खाणीला विरोध केला; म्हणून ही ग्रामसभा नक्षलवाद्यांची. या वेळी कोणी हसत नाही, पण चूक तीच आहे. दोन माणसांत एक गोष्ट समान निघाली म्हणून ती दोन माणसे एक होत नाहीत. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, पोट भरणारे जंगल आहे, आणि १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला आहे. विरोधाला एवढी कारणे असताना बंदूकवाल्यांचे कारण उसने घ्यायची गरज नाही. उलट बाजूनेही हेच म्हणावे लागेल. खाणीत काम मिळाले म्हणून जो तरुण खाण हवी म्हणतो, तो लगेच ‘कंपनीचा माणूस’ होत नाही. आपल्या बाकांवर दोन्ही मतांचे लोक बसतात.

ही युक्ती आजची नाही, आणि एका पक्षाचीही नाही. अमेरिकेत १९५० साली सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांच्या याद्या आपल्याकडे असल्याचे सांगत देश हादरवला. कोणाच्या सभेला गेला, कोणाशी ओळख होती, एवढ्यावर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. १९५४ साली त्यांच्याच सभागृहाने त्यांच्या वर्तनाचा निषेध केला. आपल्याकडे इंदिरा गांधींच्या काळात विरोधकांमागे ‘परकीय हात’ असल्याचे सांगितले जाई. महाराष्ट्रात काँग्रेस आघाडीचे सरकार असताना, जानेवारी २०११ मध्ये, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक सुधीर ढवळे यांना वर्ध्याला अटक झाली. चाळीस महिन्यांनी, मे २०१४ मध्ये, गोंदियाच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. (२०१८ साली भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली, ती वेगळी कथा.)

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तर पुस्तकाच्या रंगावरूनच संगत ठरली. ६ नोव्हेंबरला नागपुरात राहुल गांधी यांचा संविधान संमेलनाचा कार्यक्रम होता. त्यांच्या हातातील संविधानाची प्रत लाल वेष्टनाची. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यावर बोट ठेवले आणि निळ्याऐवजी लाल रंग दाखवून शहरी नक्षलवाद्यांना साद घातली जात आहे, अशा अर्थाची टीका केली. ती प्रत म्हणजे वकील मंडळी वापरतात ती, खिशात मावणारी छापील आवृत्ती. काँग्रेसने मग पंतप्रधान मोदी तशीच लाल प्रत तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांना देत असल्याचे जुने छायाचित्र पुढे केले. म्हणजे त्यांनीही छायाचित्रच दाखवले! संविधानात काय लिहिले आहे, आणि गडचिरोलीच्या माणसाला त्यातले काय मिळाले, यावर त्या आठवड्यात फारसे कोणी बोलले नाही.

पण काँग्रेसवालेही हेच हत्यार वापरतात. २०१९ च्या लोकसभेला आपल्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली. या मतदारांना काय हवे होते? ते विचारण्याऐवजी आघाडीला ‘भाजपची बी टीम’ म्हणून मोकळे होणे सोपे गेले. लाखभर माणसांचे मत एका शब्दात बाद झाले.

न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे, आणि त्यांचेही एकमत नाही. छत्तीसगडचे डॉ. विनायक सेन यांना १५ एप्रिल २०११ रोजी जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली की घरात गांधीजींचे आत्मचरित्र सापडले म्हणून कोणी गांधीवादी होतो काय? त्याच वर्षी फेब्रुवारीत, आसामच्या एका खटल्यात, न्यायालय म्हणाले की बंदी असलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्व हा गुन्हा नव्हे, हिंसेत सहभाग वा हिंसेला चिथावणी हवी. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय फिरवला. आज जाणूनबुजून सदस्य राहणे हाच गुन्हा आहे. पण नीट पाहा, येथेही बोलणे ‘सदस्य’ असण्याचे आहे. एका फोटोत असणे, एका सभेला बसणे, एकाच मागणीवर सही करणे म्हणजे सदस्य होणे नव्हे.

आता वर्तमानपत्रे आणि टीव्ही. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईत पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन भीमा कोरेगाव प्रकरणातील काही पत्रे वाचून दाखवली. प्रकरण न्यायालयात असताना हे कसे केले, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने काही दिवसांतच विचारला. पुढे सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. चंद्रचूड यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात पोलिसांच्या या वागण्यावर कडक शब्दांत टीका केली. बहुमताचा निकाल मात्र पोलिसांकडून तपास काढून घेण्याच्या विरोधात गेला, हेही सांगितले पाहिजे. वाचकाच्या लक्षात काय राहिले? पत्रे राहिली. प्रश्न विचारला गेला ही बातमी आतल्या पानावर जाते.

याच प्रकरणात येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक झाली. ते ८३ वर्षांचे होते, पार्किन्सनचा आजार होता. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. खटला उभाच राहिला नव्हता. आपण कॅथोलिकांनी त्यांच्यासाठी मिस्सा अर्पिली, आणि ते योग्यच होते. पण एक प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो. प्रा. साईबाबा यांच्या खटल्यात मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयाने शिक्षा दिलेल्यांत पांडू नरोटे हा आपल्याच जिल्ह्यातील आदिवासी तरुण होता. ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असतानाच तो आजाराने गेला. उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सर्वांना निर्दोष ठरवले तेव्हा ऐकायला तो नव्हता. त्याच्यासाठी किती मिस्सा झाल्या? तो आपला नव्हता, म्हणून त्याची बातमी आपणही आतल्या पानावर टाकली.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, फादर, पोलिसांवर आणि पुढाऱ्यांवरच का बोलता? तर भामरागड तालुक्यात संगतीचा आरोप सर्वात महाग पडतो तो रात्री. एप्रिल २०१८ च्या चकमकीत चाळीस जण मारले गेल्यावर माओवाद्यांनी खबरे शोधले, आणि २२ जानेवारी २०१९ रोजी कसनासूरच्या तीन गावकऱ्यांना मारून कोसफुंडी फाट्यावर टाकले. १ फेब्रुवारी २०२५ ला कियर येथे पंचायत समितीच्या माजी सभापतींना खबऱ्या ठरवून ठार केले. पोलीस ठाण्यात दिसला, पोलिसांच्या मेळाव्यात धोतर-साडी घेतली, रस्त्याच्या कामावर गेला, एवढ्यावर माणूस ‘खबऱ्या’ ठरत आला आहे. एकाकडून भाकरी घेतली तर खबऱ्या, दुसऱ्याला भाकरी दिली तर नक्षल समर्थक. रात्री बंदूक घेऊन दारात उभा राहिलेल्याला भाकरी नाकारायची कशी, हे शहरातल्या चर्चेत कोणी सांगत नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली, तेव्हा त्यांच्याबरोबरचा फोटो पहिल्या पानावर मानाने छापून आला. तेव्हा नुसत्या फोटोचा अर्थ काय घ्यायचा?

मुख्य याजकाच्या अंगणात पेत्राला दासीने ओळखले ते तो येशूबरोबर होता म्हणून, आणि इतरांनी ओळखले ते त्याच्या गालीली बोलीवरून. त्याने काय केले हे तेथेही कोणी विचारले नाही. आणि पेत्र घाबरला.

आम्हीही घाबरलो होतो. गेल्या निवडणुकीच्या वेळी आपल्या पॅरिशमधील एका तरुणाचा फोटो मोबाईलवरून फिरत आमच्यापर्यंत आला. एका सभेत तो एका वक्त्याच्या मागे उभा होता, एवढेच. त्या रविवारी पहिले वाचन त्याचे होते. आम्ही ते दुसऱ्याला दिले, आणि त्याला कारण सांगितले की आवाज बसला आहे असे ऐकले. त्याचा आवाज ठणठणीत होता, हे त्यालाही ठाऊक होते आणि आम्हालाही. तो काही बोलला नाही. पुढचे तीन रविवार मागच्या दाराजवळ उभा राहिला. नंतर कळले की त्या सभेला तो गावाच्या वीज जोडणीचा अर्ज घेऊन गेला होता. आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याच्या आईने चहा दिला आणि विचारले, “फादर, तेव्हाच विचारले असते तर?”

येत्या रविवारी मिस्सानंतर अभ्यासगट बसेल. प्रत्येकाने घरातील वर्तमानपत्राचे एक कात्रण आणावे, कोणत्याही पक्षाचे चालेल, आणि त्यात ‘केले’ या शब्दाखाली एक रेघ व ‘बरोबर दिसला’, ‘जवळचा’, ‘संबंध’ या शब्दांखाली दोन रेघा ओढून आणाव्यात. पहिले वाचन त्याच तरुणाचे आहे.