गॅलरीतला दुधी आणि आपलं कर्म

आजचा श्लोक : गीता, अध्याय 2, श्लोक 47

हा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. फळाची आशा न धरता कर्म करायचं. पण कोणतं कर्म, हे यंदा मला गॅलरीतल्या दुधीने शिकवलं.

वेल ग्रीलवर छान चढला, फुलंही भरपूर आली, पण रोज गळून पडायची. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं. शेवटी आईने फोनवर विचारलं, "अरे, फुलामागे बारका दुधी आहे का बघितलंस?" नव्हता! लांब देठाची ती नर फुलं, ती गळणारच. इवलासा दुधी असतो तो मादी फुलाला. ही फुलं उमलतात संध्याकाळी, आणि परागकण नेणारे पतंग आमच्या नवव्या मजल्यावर फिरकत नाहीत. म्हणून नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. दोन मिनिटांचं काम. पण त्या वेळी मी रोज कॉलवर. मुलगीही तेव्हाच "बाबा, ये ना" म्हणत दाराशी उभी असायची.

खत-पाणी हे माझ्या सोयीचं कर्म होतं. गरज होती ती मी वेळेवर तिथे असण्याची.

आता 7 वाजता लॅपटॉप बंद. फुलं आम्ही दोघं मिळून जोडतो. दोन दुधी पिवळे पडून गळले, एक धरलाय. गळले त्याचं वाईट वाटलं, पण तेवढंच.

आज स्वतःला विचारूया : मी करतोय ते कर्म सोयीचं आहे की गरजेचं?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥