न दिसणारा वाघ

चैत्र म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात मोहफुलांचा महिना. पहाट होताच टोपल्या घेऊन सारे घर झाडाखाली जमते. परंतु २०२० सालचा चैत्र निराळाच उजाडला. त्या वर्षी गुढीपाडव्याच्याच दिवशी, २५ मार्चला, कोरोनाच्या साथीमुळे सबंध देशात टाळेबंदी सुरू झाली.

गडचिरोली जिल्ह्यात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले ते मे महिन्यात. भीती मात्र त्याच्या कितीतरी आधी येऊन पोहोचली. अनेक गावांनी वेशीवर लाकडे आडवी टाकून वाटा अडविल्या. कोणी नुसते खोकले, तरी शेजारी दचकू लागले.

या भागातील पुष्कळ मजूर मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. वाहने बंद झाल्यामुळे त्यांपैकी कित्येकजण पायीच घराकडे निघाले. डोक्यावर बोचके, कडेवर मूल आणि वर तळपते ऊन! गाव जवळ आले की पावले हलकी व्हावीत. पण आपल्याच गावात आपणांस घेतील ना, या चिंतेने ती जड होत. गाव काही निर्दय नव्हते. ते भ्याले होते.

भीती ही मुळात वैरीण नव्हे. ताडोबाच्या रानात अवचित वाघ समोर आला, तर मूत्रपिंडांवरील दोन लहान ग्रंथी रक्तात एक रस सोडतात. छाती धडधडते, श्वास जलद होतो, हातापायांत बळ येते. वाघ निघून गेला की शरीर हळूहळू शांत होते. साथीचा विषाणू मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो आला केव्हा आणि गेला केव्हा, हे कळत नाही. म्हणून मनाचा पहारेकरी रात्रंदिवस जागाच राहतो. मग झोप उडते, अन्न गोड लागत नाही, माणूस लहानसहान गोष्टींवरून चिडतो किंवा अबोल होतो. असे होणे हा भित्रेपणा नव्हे. त्या वर्षी जगभर असंख्य माणसांची हीच अवस्था झाली होती.

म्हणूनच मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘सामाजिक अंतर’ या शब्दाऐवजी ‘शारीरिक अंतर’ हा शब्द वापरण्यास सुरुवात केली. अंतर देहांत ठेवावयाचे होते, मनांत नव्हे. परतलेल्या मजुरांना अनेक ठिकाणी गावच्या शाळेत चौदा दिवस वेगळे ठेवीत. घरची माणसे कुंपणापाशी जेवणाचा डबा ठेवीत, चार पावले मागे सरत आणि तेथूनच मोठ्याने विचारीत, “जेवलास का रे?”