तज्ज्ञ आणि मंत्रिपद : चिंतामणराव देशमुख

अर्थकारणाचा अभ्यासक जेव्हा मंत्री होतो तेव्हा त्याच्यापुढे दोन निष्ठांचा प्रश्न उभा राहतो. आकड्यांचे सत्य एकीकडे आणि मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी दुसरीकडे. या दोन्ही सांभाळताना प्रसंगी पद सोडावे लागते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. 1912 साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला व वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकावले. म्हणजे अर्थशास्त्राची पदवी त्यांनी घेतलेली नव्हती. 1918 मध्ये लंडन येथे झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत प्रथम येऊन ते मध्यप्रांत व वऱ्हाडात रुजू झाले. जमीनमहसूल आणि प्रांताचा जमाखर्च यांच्या व्यवहारातूनच त्यांचे अर्थशास्त्र घडले.

1939 साली ते रिझर्व्ह बँकेत आले. सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर, 11 ऑगस्ट 1943 रोजी, गव्हर्नरपदी त्यांची नेमणूक झाली. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय होत. काळ मोठा कठीण होता. ब्रिटिश सरकार युद्धासाठी भारतात माल खरेदी करी. त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि त्या तारणावर येथे रुपयाच्या नोटा काढल्या जात. परिणामी नोटा वाढल्या, माल घटला, महागाई भडकली. युद्धाअखेर ही शिल्लक सुमारे 1,700 कोटी रुपयांवर गेली. कर्जदार भारत कागदोपत्री सावकार झाला खरा, परंतु त्या सावकारीची किंमत अर्धपोटी राहणाऱ्या जनतेने मोजली होती.

जुलै 1944 मध्ये अमेरिकेतील ब्रेटनवुड्स येथे 44 राष्ट्रांची परिषद भरली. सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते. देश अद्याप परतंत्र. तरीही या शिष्टमंडळाने अविकसित देशांच्या विकासाची आणि स्टर्लिंग शिलकीची बाजू मांडली. दुसरी मागणी मान्य झाली नाही. हा प्रश्न ब्रिटन आणि भारत यांनी आपसांत सोडवावा, अशी केन्स यांची भूमिका होती. मात्र नाणेनिधीत भारताला 40 कोटी डॉलरचा वाटा मिळाला. परराष्ट्रमंत्री नसतानाही एखादा अर्थतज्ज्ञ देशाची परराष्ट्रनीती कशी चालवितो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

1950 साली ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि 1952 मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना, 1955 सालची स्टेट बँकेची स्थापना आणि 1956 च्या आरंभी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण ही त्यांच्या कारकिर्दीतील ठळक कार्ये होत.

याच सुमारास संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. जून 1956 मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले. देशमुखांनी जुलैमध्ये पदत्याग केला. त्यांचा आक्षेप केवळ निर्णयाला नव्हता, निर्णय घेण्याच्या रीतीलाही होता. एवढा मोठा प्रश्न मंत्रिमंडळापुढे रीतसर आलाच नाही, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, असे त्यांनी लोकसभेत सांगितले. नेहरूंना हा आक्षेप मान्य नव्हता. परंतु निर्णयात ज्याचा सहभाग नाही त्याने जबाबदारी कोणत्या न्यायाने वाहावी, हा देशमुखांनी उपस्थित केलेला प्रश्न त्या वादापुरता उरला नाही. थोड्याच दिवसांत केंद्रशासित मुंबईची कल्पना मागे पडली व द्विभाषिक राज्य आले. 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

आफ्रिकेतील एक उदाहरण येथे ताडून पाहावेसे वाटते. नायजेरियाच्या न्गोझी ओकोन्जो-इवेला यांनी अर्थमंत्री या नात्याने 2005 साली धनको राष्ट्रांशी वाटाघाटी करून सुमारे 18 अब्ज डॉलरचे कर्ज माफ करून घेतले. जून 2006 मध्ये त्यांना परराष्ट्रखात्यात हलविण्यात आले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे 2011 ते 2015 या काळात त्या पुन्हा अर्थमंत्री होत्या, आणि 2021 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक झाल्या. देशमुख एका साम्राज्याकडून येणे वसूल करू पाहत होते, तर ओकोन्जो-इवेला आपल्या देशाच्या डोक्यावरचे देणे उतरवीत होत्या. दोघांनीही परकीयांसमोर देशाची पत राखली, आणि मंत्रिपद सोडल्यावर दोघांचेही कार्य थांबले नाही.

देशमुखांनी त्यानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद आणि 1962 पासून दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. 1959 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र त्यांचा पराभव झाला. कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणणाऱ्या या प्रशासकाचे 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबाद येथे निधन झाले. तज्ज्ञाची योग्यता त्याच्या ज्ञानावरून ठरते हे खरे; पण ते ज्ञान कोणत्या अटीवर राज्यसत्तेच्या सेवेस द्यायचे, हे ज्याला कळते त्याचाच सल्ला लोकांना विश्वासार्ह वाटतो.