थेंबाचा हिशेब : प्रयोगशाळेतील स्वयंचलित द्रवमापन आणि अचूकता

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे बाजाराचे गाव आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून ते शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा गावातील रुग्णाच्या रक्ताचा किंवा विहिरीच्या पाण्याचा नमुना पुष्कळदा प्रवास करून दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचतो आणि तेथून येतो तो केवळ एक आकडा. त्या आकड्यावर डॉक्टर औषध ठरवितात आणि ग्रामपंचायत विंधन विहीर चालू ठेवावयाची की बंद करावयाची याचा निर्णय घेते. नमुना देणाऱ्यास प्रयोगशाळेचे दर्शनही घडत नाही. म्हणूनच तो आकडा कसा तयार होतो आणि त्यात चूक कोठे शिरते, हे लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मायक्रोलिटरचे माप

पाण्याच्या एक मिलिलिटरचे साधारणतः वीस थेंब होतात. मिलिलिटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोलिटर. म्हणजे एका थेंबात सुमारे ५० मायक्रोलिटर पाणी असते. रक्तातील साखर तपासण्याच्या एका प्रचलित रीतीत १० मायक्रोलिटर रक्तद्रव १,००० मायक्रोलिटर रसायनात मिसळतात. याचा अर्थ असा की थेंबाच्या पाचव्या हिश्शावर सारी तपासणी उभी असते. येथे केवळ एक मायक्रोलिटर कमी घेतला गेला तरी उत्तर दहा टक्क्यांनी चुकते. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक आली, तर मधुमेहाचे निदान केले जाते. प्रत्यक्षात १२६ असलेल्या रुग्णाचा आकडा या चुकीमुळे ११३ येईल आणि तो निश्चिंत मनाने घरी परतेल.

इतके सूक्ष्म माप हाताने घेणे पूर्वी फार कठीण होते. जर्मनीतील मारबुर्ग येथे हाइनरिश श्निटगर यांनी १९५७ च्या सुमारास दट्ट्याची पिपेट तयार केली. त्याच वर्षी अमेरिकेत लिओनार्ड स्केग्ज यांचे स्वयंचलित रक्तपरीक्षण यंत्र बाजारात आले. पुढे संगणकाच्या आज्ञेनुसार एकाच वेळी आठ किंवा शहाण्णव पिपेटी चालविणारी यंत्रे निघाली. कोविडच्या साथीत त्यांचे महत्त्व सर्वांना पटले. २७ जुलै २०२० रोजी मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेसह देशातील तीन संस्थांत, दिवसाला दहा हजारांहून अधिक नमुने तपासू शकणाऱ्या यंत्रणांचे उद्घाटन झाले. इतके काम माणसाच्या हाताने होणे अशक्यच होते.

चुकीचे दोन प्रकार

यंत्र थकत नाही हे खरे, परंतु यंत्र चुकत नाही असे मात्र नाही. उलट, चुकीचे माप लावलेले यंत्र तीच चूक हजार वेळा निमूटपणे करीत राहते.

कापसाच्या काट्याचे उदाहरण घेऊ. एक काटा दर क्विंटलमागे नेमका दोन किलो कमी दाखवितो. दुसरा कधी दोन किलो कमी, तर कधी दोन किलो जास्त दाखवितो. पहिल्यात एकसारखेपणा आहे, पण अचूकता नाही. दुसऱ्याची सरासरी बरोबर येते, पण त्याच्या कोणत्याही एका वजनावर विश्वास ठेवता येत नाही. या दोन दोषांवरील उपायही भिन्न आहेत. पहिल्या काट्याचे माप नव्याने जुळविले की भागते. दुसऱ्याचा सैल झालेला भाग शोधून दुरुस्त करावा लागतो. द्रवमापक यंत्राच्या बाबतीतही प्रथम हेच निदान करावे लागते.

वजनाने पारख

या निदानाची सर्वमान्य रीत सोपी आहे. यंत्राकडून शुद्ध पाण्याचे ठरावीक माप दहा वेळा सूक्ष्म तराजूवर घ्यावयाचे आणि प्रत्येक वेळचे वजन नोंदवावयाचे. २० अंश सेल्सिअस तापमानास, हवेच्या उत्प्लावनाचा विचार करता, एक मिलिग्रॅम पाणी म्हणजे सुमारे १.००३ मायक्रोलिटर. समजा, १०० मायक्रोलिटरची आज्ञा दिली आणि सरासरी वजन ९७ मिलिग्रॅम आले, तर प्रत्यक्ष माप ९७.३ मायक्रोलिटर, म्हणजे २.७ टक्के कमी ठरते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दट्ट्याच्या पिपेटीस या मापाला ०.८ टक्क्यांपर्यंतच सूट आहे. अर्थात हे यंत्र नापास झाले. दहा वजने एकमेकांजवळ असतील तर माप जुळवावे. ती विखुरलेली असतील तर गळती, झिजलेले रबरी कडे किंवा नीट न बसलेली टोपणनळी शोधावी. आठ पिपेटींच्या यंत्रात प्रत्येक पिपेट स्वतंत्रपणे तपासली पाहिजे, कारण सरासरीच्या आड एका पिपेटीचा दोष लपून राहतो.

विदर्भातील उन्हाळ्याचा येथे विशेष विचार करावयास हवा. तापमान वाढले की पाण्याची घनता घटते. कोरड्या हवेत इवलासा थेंब तराजूवर असतानाच उडून जाऊ लागतो. पिपेटीतील हवाही प्रसरण पावते. म्हणून तपासणीची खोली, पाणी व यंत्र एकाच तापमानास आल्यावाचून मोजणीस आरंभ करू नये.

द्रवाचा स्वभाव

पाण्यावर उत्तीर्ण झालेले यंत्र रक्तद्रवावर उत्तीर्ण होईलच असे नाही. रक्तद्रव दाट असल्यामुळे तो नळीच्या आतील भिंतीला चिकटून राहतो. अल्कोहोल उडून जाते आणि टोकाशी ठिबकते. यास्तव प्रत्येक द्रवासाठी ओढण्याची व सोडण्याची गती वेगळी ठेवावी लागते. दाट द्रव सावकाश ओढावा, क्षणभर थांबावे आणि मगच नळी बाहेर काढावी. उडणाऱ्या द्रवासाठी नळी त्याच द्रवाने आधी दोन-तीन वेळा ओली करून घ्यावी. नळीचे टोक पृष्ठभागाखाली दोन-तीन मिलिमीटरच बुडावे. अधिक बुडाल्यास बाहेरून चिकटलेला द्रवही मापात मिसळतो आणि कमी बुडाल्यास हवेचा बुडबुडा आत जातो. रक्ताची बारीक गुठळी किंवा फेस असलेला नमुना यंत्रावर चढविण्यापूर्वीच बाजूला काढावा.

याखेरीज ज्ञात मूल्याचा नियंत्रण नमुना दररोज तपासून त्याचा आलेख ठेवावा लागतो. आलेखातील बिंदू काही दिवस एकाच दिशेने सरकू लागले, तर मर्यादा ओलांडली जाण्याची वाट न पाहता कारण शोधावे. बाहेरच्या संस्थेने पाठविलेले अज्ञात नमुने तपासून आपले उत्तर पडताळून पाहण्याची सोयही आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची अशी योजना देशभरातील प्रयोगशाळांना परिचित आहे.

पाण्याच्या घोटाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे दात डागाळतात आणि वर्षानुवर्षे असे पाणी पिणाऱ्यांची हाडे व सांधे जखडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि पर्यायी स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. रंगमापन पद्धतीत १.४ हून अधिक फ्लोराइड असलेले पाणी आधी पातळ करावे लागते. समजा, एका विहिरीत ते १.६ आहे. २५ मिलिलिटर पाणी घेऊन ५० करावयाचे होते, परंतु यंत्राने साडेबावीसच घेतले. उत्तर १.४४ येईल आणि बंद व्हावयाची विहीर कागदावर पिण्यायोग्य ठरेल. चूक अडीच मिलिलिटरची, परंतु ती सोसावी लागेल त्या विहिरीवर वाढणाऱ्या मुलांना.

२०१७ मध्ये याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना विसरता येण्यासारखी नाही. अशा विषबाधेत रक्तातील कोलिनएस्टरेज या विकराची मोजणी उपयोगी पडते आणि तीही काही मायक्रोलिटर रक्तद्रवावरच अवलंबून असते.

आपण काय करावे

पंचायत सदस्यांनी पाण्याचा अहवाल आल्यावर केवळ ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ हा शेरा न पाहता आकडा वाचावा. तो मर्यादेच्या अगदी जवळ असेल तर फेरतपासणीची मागणी करावी. जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना क्षेत्रीय संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या संचातही थेंब मोजूनच घालावयाचे असतात, हे या भगिनींच्या मनावर ठसविले पाहिजे. अधिकाऱ्यांनी यंत्र खरेदी करतानाच त्याच्या वार्षिक अंशशोधनाची व सुट्या भागांची तरतूद करावी आणि तपासणीचे दाखले पाहण्याचा प्रघात ठेवावा.

शिक्षकांना तर हा पाठ वर्गातच घेता येईल. सुई काढलेल्या पिचकारीत एक मिलिलिटर पाणी घेऊन विद्यार्थ्यांना थेंब मोजावयास सांगावे. एकाचे अठरा भरतील, दुसऱ्याचे बावीस. मग तेच पाणी साबणाचे किंवा साखरेच्या पाकाचे असेल तर काय होते, तेही पाहावे. मोजमाप सोपे नसते आणि म्हणूनच ते पुनःपुन्हा पडताळावे लागते, हे मुलांना पुस्तकाबाहेर कळेल.

बाजारातील काट्यावर सरकारी शिक्का आहे की नाही, हे पाहण्याची सवय आपल्या शेतकऱ्यास आता झाली आहे. तीच सवय रक्ताच्या आणि पाण्याच्या मापालाही लागावयास हवी. ढाणकीहून निघालेल्या नमुन्याला शहरातील नमुन्याइतकेच अचूक उत्तर मिळणे, हा त्या नागरिकाचा हक्क आहे.