सांधा पक्का तर घर पक्के

आपल्या संस्थेच्या नव्या सभागृहाचा विषय निघाला, की “कारखान्यात तयार झालेली इमारत मानपुरास आणून उभी करता येईल काय?” असे सभासद विचारतात. म्हणून ही पद्धत आपण थोडक्यात समजावून घेऊ.

उदाहरण जवळचेच आहे. केंद्र सरकारच्या ‘लाइट हाउस’ योजनेची पायाभरणी 1 जानेवारी 2021 रोजी सहा शहरांसाठी झाली. त्यांत आपले इंदूरही होते. इंदूरच्या 1,024 घरांसाठी लोखंडी सांगाडा व तयार सँडविच पॅनेल योजिली गेली. चेन्नईच्या 1,152 घरांसाठी आधी ओतून तयार केलेले, म्हणजे प्रीकास्ट, काँक्रीटचे भाग निवडले गेले; ते काम पद्मश्री बाबुराव शिर्के यांनी स्थापिलेल्या पुण्याच्या कंपनीकडे होते. रांचीच्या 1,008 घरांसाठी तर काँक्रीटच्या अख्ख्या खोल्याच साच्यातून काढावयाच्या होत्या.

या पद्धतीत प्रथम नकाशा पूर्ण ठरवावा लागतो. दारे, खिडक्या, विजेच्या नळ्या यांच्या जागा आधीच निश्चित हव्यात. मागाहून भिंत फोडणे बरे नव्हे. कारखान्यात लोखंडी साच्याला आतून तेल लावतात, सळयांची जाळी व उचलण्याचे आकडे बसवतात, काँक्रीट ओतून ते यंत्राने दाबून बसवतात आणि पुष्कळदा वाफ देऊन लवकर कठीण करतात. इकडे त्याच वेळी जागेवर पाया तयार होतो. वेळ वाचतो तो येथे.

पुढे वाहतूक. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच व पंधरा सेंटिमीटर जाड अशी एकच भिंत सुमारे सव्वातीन टन भरते. म्हणून ट्रेलर जागेपर्यंत पोचेल काय, क्रेनला उभे राहावयास भक्कम जमीन आहे काय, हे आधी पाहावे. क्रेनने भाग पायावर ठेवून तिरके टेकू देतात, ओळंबा पाहतात, सळया जुळवतात आणि सांध्यांत न आकसणारा मसाला भरतात. बाहेरच्या फटी पावसासाठी बंद करतात.

खरी परीक्षा या सांध्यांचीच. लंडनमधील रोनन पॉइंट ही बावीस मजली इमारत अशाच तयार पॅनेलांची होती. 16 मे 1968 रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट होऊन एक भिंत निसटली आणि इमारतीचा संपूर्ण कोपरा ढासळला; चार माणसे दगावली. 2001 च्या भूकंपात गुजरातेतील काही प्रीकास्ट शाळांची छपरेही सांधे कच्चे असल्याने कोसळली. दोष पद्धतीचा नव्हता, जोडणीचा होता.

तेव्हा काय करावे? साचे महाग असतात. एकाच मापाच्या पुष्कळ खोल्या असतील तरच ते परवडतात; एकट्या सभागृहासाठी नेहमीचे बांधकामही स्वस्त पडू शकेल. तरीही तयार इमारत घ्यावयाची ठरल्यास ठेकेदाराकडून केवळ दर व मुदत ऐकून समाधान मानू नये. सांध्यांचे नकाशे भूकंपाचा विचार करणाऱ्या अभियंत्याकडून तपासून घ्यावेत, आणि मसाला भरताना त्याला जागेवर उभे करावे. सांधा एकदा झाकला, की आत काय भरले हे कोणासही दिसत नाही. आणि त्या छपराखाली उद्या आपलीच मुले बसावयाची आहेत.