पाटे वाढवून पाणी वाढत नाही

बीड जिल्ह्यात उन्हाळा तोंडावर आला की पिकअपला जादा पाटे चढवून घेणाऱ्यांची गॅरेजात गर्दी होते. कारण उघड आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा भाग पर्जन्यछायेतला. विहिरी आटल्या की पाणी चाकांवरूनच येतं. 2016 साली केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. सरकारी टँकर येतो तो गावाच्या पिण्यापुरता. गोठ्यातली जनावरं आणि मोसंबीची बाग ज्याची त्याने सांभाळायची. म्हणून दारातल्या पिकअपवर टाकी बसवण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो क्रमाला. आधी गाडी घेतात, मग हौद्यात मावेल तेवढी मोठी टाकी करून घेतात, आणि गाडी मागून बसायला लागली की पाटे टाकतात. सपाट रस्त्यावर हे खपून जातं, घाटात जिवावर येतं. ओझं आधी ठरवावं, गाडी त्यावरून निवडावी आणि पाट्यांना हात लावायची वेळच येऊ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याचा हिशेब इतका सोपा आहे की तो कुणी करत बसत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन, आणि त्यात अजून टाकीचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. आरसी बुकात दोन आकडे असतात, गाडीचं रिकामं वजन आणि भरल्यावरचं एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरतं ते ओझं. समजा दीड टन उरलं. त्यातून ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस, दीडशे किलो गेले. तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला साधारण साडेतेवीस किलो भरतं. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच टाकीला साडेआठ चौरस मीटर पत्रा लागतो, म्हणजे दोनशे किलो. खालची फ्रेम, इंजिनाचा पंप आणि पाइपाचं भेंडोळं यांचे आणखी पन्नास धरा. उरले अकराशे. दीड टनाची पिकअप नियमात राहून अकराशे लिटर पाणी नेते, आणि आपण त्याच टाकीत दीड हजार भरून वर झाकणातून सांडेपर्यंत पाइप चालू ठेवतो. प्लॅस्टिकची टाकी घेतली तर दीडशेएक किलो वाचतात, तेवढंच पाणी जास्त बसतं. मला तरी छोट्या गाडीसाठी तीच बरी वाटते. 2005 मध्ये आलेल्या टाटा एसचा, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचा, भार पाऊण टनाचा. त्याच्यावर हजाराची टाकी ठेवणं हा हिशेबच नाही. बोलेरो पिकअपच्या मॉडेलच्या नावातच 1.3, 1.5, 1.7 असे टनांचे आकडे येतात, तर 2022 मध्ये आलेलं टाटा योद्धाचं एक मॉडेल दोन टनांचं आहे. आकडे समोर असतात. आपण सीटचं कव्हर आणि डिझेलचा ॲव्हरेज विचारून परत येतो.

आता पाट्यांकडे येऊ. जादा पाटा एकच काम करतो, गाडीला मागून बसू देत नाही. त्या पाट्याखाली असलेलं ॲक्सलचं हौसिंग, हबचं बेअरिंग, टायर, ब्रेकचा ड्रम, क्लचप्लेट आणि वरची चासी, यातलं काहीही एका किलोनेसुद्धा मजबूत होत नाही. टायरच्या कडेवर भाराचा आकडा छापलेला असतो. 100 लिहिलं असेल तर तो टायर पूर्ण हवेत 800 किलो पेलतो, 112 असेल तर 1120. पाटे वाढवल्याने तो आकडा पुसला जात नाही. गाडी बसणं हा खरं तर इशारा होता, आपण पैसे देऊन तो बंद करून घेतो. याहून वाईट गोष्ट ब्रेकची आहे. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याची काडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी जितकी खाली बसेल तितका भार जास्त, असं तो समजतो आणि मागच्या चाकांना तितका जास्त ब्रेक देतो. पाटे चढवून गाडी उचलली की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक आखडून धरतो. ओझं वाढलं आणि ब्रेक घटला, दोन्ही एकाच दुरुस्तीत. पाटे बदलायचेच असतील तर या व्हॉल्व्हचं सेटिंग पुन्हा करून घ्या, असं सांगणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. सगळेच भरतात, काय होतं? आणि त्याला जोडून, कंपनी मुद्दाम कमी आकडा सांगते. कंपनी थोडी शिल्लक ठेवते हे खरंच आहे. पण ती शिल्लक आपल्या रस्त्यांसाठी ठेवलेली असते. भरधाव चाक खड्ड्यात आदळतं तेव्हा त्या क्षणी ॲक्सलवर येणारा दणका उभ्या गाडीच्या भारापेक्षा कितीतरी जास्त असतो. ती शिल्लक पाण्यात खर्च केली की खड्ड्यासाठी काही उरत नाही. शिवाय लोखंड त्याच दिवशी तुटत नाही. यू बोल्ट हळूहळू ताणला जातो, हौसिंगला केसासारखी चीर जाते, आणि ते दिसतं तेव्हा गाडी धारूरच्या नाहीतर मांजरसुंब्याच्या घाटात उतारावर असते. तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे, इंजिनसुद्धा बंद करणारे ड्रायव्हर आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत थोड्याच दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना नियम भरलेल्या टाकीला दुपटीने लागू आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो मी मान्य करतो. कमी पाणी नेलं की फेऱ्या वाढतात, डिझेल आणि मजुरी वाढते. पण मग गरज नीट मोजा. मोठं जनावर उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी पितं. वीस जनावरांना हजार-बाराशे लिटर लागतं, म्हणजे दीड टनी पिकअपची एक फेरी, फार तर वर थोडी. एवढ्यासाठी दोन हजारांची टाकी लागत नाही. बागेला रोज पाच हजार लिटर घालायचं असेल तर मात्र पिकअप ही गाडीच चुकीची. विहीर तीन-चार किलोमीटरवर असेल तर ट्रॅक्टरमागचा टँकर लावा, तो सावकाश चालतो. लांबून आणायचं असेल तर जुनी 407 बघा. पिकअपला ट्रक बनवण्यात जे पैसे जातात त्यात तिचा बराचसा हप्ता निघतो.

सुधारणा करायचीच तर पैसा कुठे घालावा? आधी ब्रेक: लायनर, ड्रम, ब्रेक ऑइल. मग कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि पुरेशा भाराचे टायर. मग टाकीची बांधणी. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा धोक्याची असते, कारण वळणावर आतलं पाणी गाडीच्या आधी वळतं आणि ब्रेक मारला की पुढे धावतं. म्हणून आत आडवे पत्रे हवेत, त्यांना भोकं हवीत, आणि तळाशी हात जाईल एवढी फट हवी, नाहीतर गाळ काढता येत नाही. टाकी हौद्यात मागच्या कडेला नको, मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे हवी; मागे सरकली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग तरंगायला लागतं. फवारणीचं औषध कालवलेल्या टाकीत पिण्याचं पाणी कधीच नाही. जुनी पिकअप घेताना खाली वाकून दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. एखाद्या पाट्याचा रंग वेगळा, यू बोल्ट लांब, मागच्या हँगरपाशी चासीवर वेल्डिंगचा डाग असं दिसलं तर ती गाडी काय वाहून आली आहे ते कळतं.

हाच हिशेब पिकअपवर झोपायची केबिन बांधणाऱ्यांनाही लागू आहे. राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून हौशी मंडळींत हा विषय निघतो, आणि आषाढीच्या दिंडीसोबत गाडी नेणाऱ्यांनाही तो मोह होतो. अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडचा आठ बाय चारचा एक तक्ताच तीस किलोच्या वर असतो. भरलेला घरगुती सिलिंडर तीस, इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नासच्या पुढे, शंभर लिटर पाणी शंभर. यातलं पाणी सोडलं तर बाकीचं ओझं सांडून कमी करता येत नाही, आणि केबिन उंच असल्यामुळे वाऱ्यात व वळणावर गाडी जास्त डोलते. आणखी एक, चालत्या गाडीत त्या केबिनमध्ये माणसं झोपवू नका. मालवाहू गाडीचा मागचा भाग माणसांसाठी पास झालेला नसतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल आपल्या मनाने करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 असा लिहिलेला आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं ते वेगळंच.

तेव्हा टाकीची ऑर्डर देण्याआधी रिकामी गाडी जवळच्या जिनिंगच्या किंवा कारखान्याच्या काट्यावर घाला. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. ती पावती आणि आरसी फॅब्रिकेटरसमोर ठेवा आणि टाकी किती लिटरची करायची ते तिथे बसून ठरवा.