जुना संगणक सुरू का होत नाही?

संगणकाची सर्व कामे ज्या मूळ प्रणालीच्या आधाराने चालतात, तिला ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज १० या प्रणालीस दिला जाणारा नियमित आधार थांबविला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली पुष्कळशा जुन्या यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे अशा यंत्रांवर लिनक्ससारखी दुसरी प्रणाली बसविण्याचा प्रसंग अनेकांवर येतो. प्रणाली बसविण्याचे काम निर्विघ्न पार पडते. परंतु संगणक पुन्हा चालू करताच काळ्या पडद्यावर एखादी इंग्रजी ओळ उमटते आणि सारे तेथेच थांबते. मग यंत्र निकामी झाले असे समजून ते भंगारात दिले जाते. वस्तुतः अशा वेळी यंत्र बहुधा धडधाकट असते. आरंभाच्या साखळीतील एखादा दुवा तेवढा निसटलेला असतो.

ही साखळी चार दुव्यांची आहे. बटण दाबताच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठविलेला बायॉस हा कार्यक्रम जागा होतो व यंत्राच्या अवयवांची तपासणी करतो. नंतर तो आपल्या नोंदी पाहून कोणत्या साधनापासून आरंभ करावयाचा ते ठरवितो. त्या साधनावरून तो एक लहानसा आरंभक कार्यक्रम वाचतो. हा आरंभक प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणून ठेवतो. प्रत्येक दुवा आपले काम संपवून पुढच्याच्या हाती सूत्रे देतो. म्हणून बिघाड शोधताना पहिला प्रश्न असा की, सूत्रे नेमकी कोठे अडली?

पडद्यावर काहीच न उमटता यंत्रातून ठराविक आवाज येत असतील, तर पहिला दुवा तुटला आहे. जुन्या यंत्रात याचे नेहमीचे कारण म्हणजे मेमरीची सैल झालेली पट्टी. वीज तोडून ती पट्टी काढावी, हलक्या हाताने पुसावी व खाचेत पुन्हा घट्ट बसवावी.

घड्याळ दरवेळी जुनीच तारीख दाखवीत असेल, तर दुसऱ्या दुव्याकडे पाहावे. बायॉसच्या नोंदी व घड्याळ राखणारी ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी संपली म्हणजे त्या नोंदी मूळ स्थितीस जातात, आणि यंत्र भलत्याच साधनापासून आरंभ करू पाहते. बॅटरी बदलून आरंभाचा क्रम पुन्हा लावला म्हणजे पुष्कळदा काम भागते.

‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ अशा अर्थाची ओळ दिसल्यास तिसरा दुवा तपासावा. जुन्या पद्धतीत तबकडीच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ४४६ आरंभकासाठी, ६४ विभागांच्या तक्त्यासाठी व शेवटचे २ ओळखखुणेसाठी असतात. यूईएफआय या नव्या पद्धतीत आरंभक एका स्वतंत्र विभागात फाइलच्या रूपाने राहतो. साधारण २०१२ च्या सुमाराच्या अनेक यंत्रांत दोन्ही पद्धतींची सोय असते, आणि घोटाळा होतो तो येथेच. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू झाला, त्याच पद्धतीने सामान्यतः प्रणाली बसते. यंत्र मात्र दुसऱ्या पद्धतीने तिचा शोध घेते. अशा वेळी बायॉसमधील पद्धत बदलून पाहावी. सर्व काही पुसून पुन्हा आरंभ करण्याची घाई करू नये.

आरंभकाची यादी दिसून पुढे अडथळा आला, तर दोष चौथ्या दुव्यात आहे. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांची प्रणाली चालत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ३२ बिटांच्या यंत्रांसाठी स्थापना-संच नाही. २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत तो आहे. प्रोसेसर योग्य असूनही पडदा काळा राहिला, तर चित्र दाखविणाऱ्या भागाशी कर्नलचे जमत नसण्याचा संभव असतो. आरंभकाच्या यादीत कर्नलच्या ओळीशेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून पाहिल्यास याचा उलगडा होतो.

या साऱ्याच्या आधी एक दक्षता अवश्य घ्यावी. नवी प्रणाली बसविताना तबकडीवरील जुना मजकूर पुसला जाऊ शकतो, आणि कुटुंबाची छायाचित्रे किंवा विद्यार्थ्याच्या टिपणवह्या बाजारात मिळत नाहीत. पुष्कळशा लिनक्स प्रणाली तबकडीला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालविता येतात. जुनी प्रणाली सुरू होत नसली, तरी या मार्गाने मजकुराची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी, मगच पुढील पाऊल टाकावे.

तपासणी नेहमी पहिल्या दुव्यापासून क्रमाने करावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहून ठेवावा. एकाच वेळी चार बदल केल्यास यंत्र कदाचित सुरू होईल. पण ते कशाने सुरू झाले हे कळणार नाही, आणि पुढील खेपेस तोच शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.